कुळीथ, फणस आणि नसलेली साखर

भातं कापून झाली की वेळणेश्वर, हेदवी, पालशेत या पट्ट्यात जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. त्याची पिठी गुहागर तालुक्यात घरोघर रटरटते आणि पाहुणा आला तर तिच्याबद्दल थोडं संकोचूनच बोललं जातं, कारण ती गरिबाची आमटी. याच कुळथाचा न शिजवलेला, गाळून घेतलेला अर्क जगभरच्या रक्तपेढ्यांत छोट्या बाटल्यांतून वापरला जातो. ए गटाचं रक्त ए-एक या पोटगटाचं आहे का, हे त्या बाटलीतला एक थेंब सांगतो. आणि याच किनारपट्टीवर अशी काही माणसं राहतात, ज्यांच्या लाल पेशींवर जवळजवळ साऱ्या मानवजातीकडे असलेली एक साखर नाही. त्यांच्या रक्तगटाला जग 'बॉम्बे' म्हणतं.

साखर ओळखणारं बी आणि एक साखर नसलेलं रक्त, अशा दोन्ही गोष्टी कोकणात एका जागी आहेत. पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरा आणि प्रथिनं यांच्या संबंधांचा हा विषय आज 'ग्लायकोबायॉलॉजी' या नावाने फार फोफावला आहे. पण त्याचा आढावा घ्यायचा तर परदेशातल्या प्रयोगशाळांपासून सुरुवात करायची गरज नाही. कुळीथ आणि बॉम्बे गट ही दोन टोकं धरली तरी बराच विषय हाती येतो.

शाळेत आपण साखर शिकतो ती इंधन म्हणून. ग्लुकोज जळतो, ऊर्जा मिळते, धडा संपतो. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या लहानमोठ्या साखळ्या जोडलेल्या असतात, काही प्रथिनांना तर काही मेदरेणूंना. त्या जळण्यासाठी नसतात. माणसाच्या शरीरात या साखळ्या मुख्यतः नऊ-दहा प्रकारच्या साखरांपासून बनतात: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल आणि अशी आणखी काही. संख्या किरकोळ वाटते, पण जोडणीचे प्रकार अफाट आहेत. तीन वेगवेगळी अमिनो आम्लं ओळीने लावायची तर क्रम सहाच होतात. तीन साखरा जोडायच्या तर हजारावर रचना शक्य असतात, कारण साखर कोणत्या कोपऱ्यावर जोडली, वरून की खालून, सरळ की फांदी काढून, यावर नवा रेणू तयार होतो. थोडक्या जागेत इतकी विविधता डीएनएलाही साधत नाही.

अडचणही इथेच आहे. प्रथिनाचा आराखडा जनुकात अक्षरशः लिहिलेला असतो. साखळीचा तसा नसतो. एक विकर एक साखर जोडतं, दुसरं त्याच्यावर पुढची, तिसरं मध्येच फांदी काढतं. जनुकात लिहिलेली असते ती या विकरांची कृती. म्हणून जनुकं वाचण्याची तंत्रं आली तेव्हा प्रथिनांचा अभ्यास सुसाट सुटला आणि साखरांचा रेंगाळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच जीवरसायनशास्त्रज्ञांनी प्रथिन 'स्वच्छ' करताना त्यावरच्या साखरा कचरा म्हणून तासून टाकल्या. हे मला या विषयाच्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं वर्तन वाटतं: जे मोजता येत नाही ते बिनमहत्त्वाचं समजायचं.

रक्तगटांच्या बाबतीत मात्र हा विषय टाळता येण्यासारखा नव्हता, कारण तिथे माणसं मरत होती. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि आजचा ओ हे गट वेगळे केले तेव्हा फरक नेमका कसला, हे कोणालाच माहीत नव्हतं. तो फरक साखरेचा निघाला. लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक गॅलॅक्टोज असतो. त्याला आधी एक फ्यूकोज जोडला जातो. या रचनेला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात गोष्ट इथेच थांबते. ए गटात त्याच गॅलॅक्टोजवर एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन नावाची साखर चढते आणि बी गटात साधा गॅलॅक्टोज. चढवणाऱ्या विकरांत फरक अवघ्या चार अमिनो आम्लांचा, हे १९९० साली कळलं. एका लाल पेशीवर अशी टोकं दहा लाखांच्या घरात असतात. पण महत्त्वाची अट अशी, की ए किंवा बी चढवणारं विकर फक्त एच असलेल्या साखळीवरच काम करतं. फ्यूकोज नसेल तर ए-बीची जनुकं धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतात.

हे सगळं आज सलग सांगता येतं. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांपुढे होतं ते फक्त एक विचित्र रक्त. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना असे रुग्ण आढळले ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या वागत, पण ज्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींनाही गुठळ्या आणत असे. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, ही तेव्हाची पक्की समजूत. या माणसांना तेही चालेना. नमुने लंडनला गेले. रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस हे रक्तगटांचे जाणकार, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांचं रसायन शोधणारे. या सातजणांच्या नावाने मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण आलं. पुढे १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांना एका इटालियन वंशाच्या कुटुंबात असंच रक्त सापडलं आणि मुंबईच्या त्या टिपणावरून 'बॉम्बे' हे नाव रूढ झालं. शहराचं नाव पुढे बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं.

मॉर्गन आणि वॉटकिन्स १९५२ सालीच लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आणखी एक प्रयोग करत होते. ईल या वामसारख्या लांबट माशाच्या रक्तद्रवात असं एक प्रथिन असतं, जे एच असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतं. त्यांनी त्या द्रवात एकेक साधी साखर विरघळवून पाहिली. गॅलॅक्टोजने काही होईना, ग्लुकोजने काही होईना. फ्यूकोज घातला आणि गुठळ्या थांबल्या. प्रथिनाची पकड सुट्या फ्यूकोजनेच अडवून ठेवली होती, म्हणजे पेशीवरही ते फ्यूकोजच धरत असणार. युक्ती इतकी सोपी, की अकरावीच्या प्रयोगशाळेत बसेल. एच म्हणजे काय याचा पहिला ठाम पुरावा तो. मुंबईच्या रक्तात हरवलेली वस्तू आणि लंडनच्या माशाने पकडलेली वस्तू एकच होती, हे जुळायला मात्र काही वर्षं गेली.

आता रक्तपेढीतल्या टेबलापाशी जरा थांबू. रक्तदान शिबिरात बोटातून थेंब घेतात, पांढऱ्या टाइलवर दोन जागी ठेवतात. एका थेंबात निळ्या बाटलीतलं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळ्या बाटलीतलं अँटी-बी. काडीने ढवळून टाइल हलवायची. ए गट असेल तर निळ्यात रवाळ गुठळ्या उठतात, बी असेल तर पिवळ्यात. दोन्हीकडे रक्त गुळगुळीत राहिलं तर ओ असं लिहून मोकळं व्हायचं. बॉम्बे गटाचं रक्तही दोन्हीकडे असंच गुळगुळीत राहतं. म्हणजे शिबिरातल्या कार्डावर ते ओच ठरणार. फरक कळतो तो उलट बाजूने तपासलं तर: त्या माणसाचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या. खऱ्या ओ माणसाच्या द्रवात ओ पेशी शांत पडून राहतात. बॉम्बेच्या द्रवात त्याही चटकन गोळा होतात. दुसरा मार्ग अँटी-एच लेक्टिनचा, म्हणजे एच धरणाऱ्या एका प्रथिनाचा. युलेक्स नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या युरोपीय झुडपाच्या बियांतून ते काढतात. हे झुडूप ब्रिटिशांबरोबर निलगिरीत येऊन तिथे माजलं आहे. ओ पेशींवर अँटी-एच सगळ्यात जोरात चालतं, बॉम्बे पेशींवर अजिबात नाही.

चूक झाली तर काय होतं? बॉम्बे माणसाच्या शरीरातले एचविरुद्धचे प्रतिपिंड शरीराच्या तापमानाला पूर्ण कार्यक्षम असतात. ओ रक्ताची पिशवी लागली की आलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. रक्त देण्याआधी पेढीत केलेल्या जुळणी-चाचणीत हे बहुधा पकडलं जातं. पण 'जुळत नाही' एवढंच कळून रात्री दोन वाजता काय उपयोग? दुसरं रक्त आणायचं कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

फ्यूकोज जोडणाऱ्या विकराचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याला फट-१ म्हणतात. शेजारीच फट-२ आहे. ते लाळ आणि आतड्याच्या अस्तरात हेच काम करतं. भारतीय बॉम्बे लोकांत फट-१ मध्ये ७२५ व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं आणि फट-२ चं जनुक सबंध गळालेलं असतं. १९९० च्या दशकात हे उलगडलं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मळ्यांसाठी गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांतही नेमकी हीच जोडी सापडली. याउलट तिथल्याच युरोपीय वंशाच्या लोकांत फट-१ ची मोडतोड वेगळ्या जागी आहे. तैवान-चीनकडच्या तशा रक्तांत आणखी वेगळी. याचा अर्थ भारतातली चूक बहुधा एकदाच, कुठल्या तरी एका पूर्वजात झाली आणि तिथून पसरली.

आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच बॉम्बे गट उमटतो. नात्यात किंवा जवळच्या गावांत सोयरिकी होत राहिल्या की अशा भेटी वाढतात. मामेबहिणीशी लग्नाची चाल, खाडीपलीकडे सहसा न जाणारी स्थळं, गावकीतली घट्ट वीण, हे सगळं कोकणाला नवं नाही. मुंबईत भाटियांच्या गटाने मोजलेलं प्रमाण साधारण ७६०० त एक असं होतं. जगाची सरासरी दहा लाखांत चार धरतात. मुंबईच्या रक्तगट केंद्राकडे नोंदलेल्या १७९ बॉम्बे व्यक्तींपैकी ११२ महाराष्ट्रातल्या होत्या, असं १९८८ साली प्रसिद्ध झालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्याचा भर असल्याचं तज्ज्ञ सांगत आले आहेत. हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावं: मुंबईत मोजणारं केंद्र होतं म्हणून मुंबईला येणाऱ्यांचीच जास्त नोंद झाली, हेही खरं. ओडिशातल्या कुटिया कोंध आदिवासींत पुढे हाच गट सापडला, तो तिथे कोणी शोधायला गेलं म्हणून. कोणा एका जातीचं हे वैशिष्ट्य आहे, असं मात्र कोणी समजू नये. गुहागर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास होती. मुंबईचं प्रमाण लावलं तरी तालुक्यात पंधरा-सोळा माणसं अशी असायला हवीत. त्यातल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

या गटाने संसारांतही घोळ घातले आहेत. बॉम्बे बाईच्या कार्डावर ओ असं लिहिलेलं असतं. नवरा ए गटाचा. मूल एबी जन्मतं. ओ आईच्या पोटी एबी मूल येत नाही, हे दहावीच्या पुस्तकात असतं, आणि तेवढ्या ज्ञानावर संशयाचं भूत उभं राहतं. खरं तर आईकडे बीचं जनुक होतंच, फक्त त्याला चढायला फ्यूकोज नव्हता. बापाकडून मुलाला चांगलं फट-१ मिळालं आणि आईचं बी प्रकट झालं. असं मूल म्हणजे कलंक नाही. आईचा गट पुन्हा तपासायला हवा, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईत बॉम्बे गटाचा शोध लागत होता, तेव्हाच पुण्यात दुसरं काही घडत होतं. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉर्ज बर्ड नावाचे लष्करी डॉक्टर कडधान्यांचे अर्क माणसाच्या रक्तावर टाकून पाहत होते. कुळथाच्या अर्काने ए गटाच्या पेशी गोळा होतात, बी आणि ओच्या होत नाहीत, हे त्यांनी १९५१ साली 'करंट सायन्स'मध्ये छापलं. पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं, की तोच अर्क ए-एक आणि ए-दोन हे पोटगटही वेगळे करतो. अर्क पुरेसा पातळ केला की फक्त ए-एक पेशीच गोळा होतात. कुळथातलं प्रथिन एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामीन धरतं, म्हणजे ए गटाची टोकाची साखर. तेव्हापासून हे कुळथाचं प्रथिन रक्तपेढ्यांत ठाण मांडून आहे. शास्त्रीय जगात वनस्पतीचं नाव बदललं तरी बाटलीवर जुनं 'डॉलिकॉस बायफ्लोरस' अजून चालतं.

बियांतली अशी साखर धरणारी प्रथिनं म्हणजे लेक्टिनं. त्यांचा शोध विषातून लागला. १८८८ मध्ये आजच्या एस्टोनियातल्या टार्टू इथे हेरमान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने एरंडाच्या बियांतलं रायसिन वेगळं काढलं आणि त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात हे पाहिलं. सोनार जी तांबडी-काळी गुंज वजनाला वापरत, तिच्यातलं ॲब्रिन तीन वर्षांनी आलं. दोन्हींची रचना सारखी: एक भाग पेशीवरचा गॅलॅक्टोज पकडतो, त्याच्या आधाराने दुसरा आत घुसतो आणि प्रथिनं बनवणारं यंत्र मोडतो. साखरेची पकड हा इथे घरात शिरायचा मार्ग आहे. पुढे १९३६ मध्ये जेम्स समनर यांनी अबईच्या भावंडातल्या एका शेंगेतलं लेक्टिन उसाच्या साखरेने अडवता येतं हे दाखवलं, तेव्हा धरली जाते ती साखरच, हे पक्कं झालं. वाल, भुईमूग, राजमा, मसूर: आपल्या डब्यांतली बहुतेक कडधान्यं या यादीत आहेत. बी किड्यांपासून आणि खाणाऱ्या जनावरांपासून वाचावं, हा त्यांचा एक उपयोग असावा.

इथे एक जाता जाता. 'लेक्टिन शरीराला घातक, कडधान्यं सोडा' असं सांगणारी पथ्यं हल्ली मराठी घरांतही शिरली आहेत. राजमा अर्धाकच्चा खाल्ला तर उलट्या होतात हे खरं. पण भिजवून पूर्ण उकळलेल्या कडधान्यात लेक्टिनाचा घाट मोडलेला असतो. रक्तपेढीतला अर्क कच्च्या कुळथाचा असतो आणि आपण खातो ती शिजलेली पिठी. शंभर पिढ्यांनी खाल्लेल्या पिठीवर अमेरिकेतल्या एका खपाऊ पुस्तकाने शंका घ्यावी आणि आपण ती ऐकावी, हा प्रकार मला पटत नाही.

कोकणाचं दुसरं लेक्टिन फणसात आहे. फणसाच्या आठळ्यांतून निघणाऱ्या जॅकलिनची रचना १९९६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने क्ष-किरणांनी उलगडली. त्यात एक नवलाची गोष्ट निघाली. जॅकलिन आधी एकसंध साखळी म्हणून बनतं, मग ती साखळी एका जागी कापली जाते. कापल्याने मोकळं झालेलं टोकच गॅलॅक्टोज धरतं. काप पडेपर्यंत ही पकड तयारच होत नाही. कडधान्यांतल्या लेक्टिनांचा सांगाडा वेगळा, फणसाचा वेगळा. साखर धरायची कला वनस्पतींनी निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या मार्गांनी साधली, याचा हा एक चांगला पुरावा. जॅकलिनचा व्यवहारातला उपयोगही आहे. आपल्या शरीरातल्या आयजीए-एक या प्रतिपिंडाच्या बिजागरीवर ज्या लहान साखळ्या असतात, त्या ते धरतं. म्हणून रक्तातून आयजीए-एक वेगळं काढायला जगभर फणसाचं हे प्रथिन वापरतात. मूत्रपिंडाच्या एका सर्रास आढळणाऱ्या आजारात याच बिजागरीवरचा गॅलॅक्टोज कमी पडतो, शरीर त्या उघड्या साखळीला परकी समजतं आणि तयार झालेले गठ्ठे मूत्रपिंडात अडकतात. एका साखरेच्या उणिवेची ही दुसरी तऱ्हा. पहिलीपेक्षा फार वाईट.

एक गोष्ट सुरुवातीच्या अभ्यासकांना बुचकळ्यात टाकत होती. एक प्रथिन आणि एक साखर यांची पकड मोजली तर ती फारच दुबळी निघते. प्रतिपिंड आणि त्याचं लक्ष्य यांच्या घट्ट पकडीपुढे ती काहीच नाही. साखरेचा रेणू पाण्यासारखाच पाण्याला धरून असतो. त्याला प्रथिनाच्या खोबणीत यायला पाण्याची सोबत सोडावी लागते, त्यामुळे फायदा थोडाच उरतो. मग पेशी गोळा होतात कशा? उत्तर संख्येत आहे. कुसळाचं एक टोक धोतराला लागलं तर फुंकरीने पडतं, शंभर लागली तर धोतर फाटतं पण कुसळं निघत नाहीत. लेक्टिनांना दोन, चार किंवा जास्त हात असतात, आयजीएम या प्रतिपिंडाला दहा, आणि पेशीवर साखरांची टोकं लाखोंनी. दुबळ्या पकडी एकत्र आल्या की घट्ट होतात, आणि सुटायचं असेल तेव्हा एकेक करून सुटूही शकतात. शरीराला पुष्कळदा हीच सोय हवी असते.

पांढऱ्या पेशींचं उदाहरण घ्या. जखम झाली की रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. वेगाने वाहणारी पांढरी पेशी तिच्या अंगावरच्या फ्यूकोज असलेल्या साखळ्यांनी त्यांना टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि भिंतीवरून लोळत वेग कमी करते. मग घट्ट चिकटून बाहेर पडते आणि पू होतो. हा फ्यूकोजच नसेल तर? १९९२ मध्ये इस्रायलमध्ये अशा दोन मुलांची नोंद झाली. सारखे जंतुसंसर्ग, पण पू होत नाही. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाठ. वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास रखडलेला. आणि रक्तगट बॉम्बे! त्यांच्यात फ्यूकोज जोडणारी विकरं ठीक होती, पण पेशीच्या आत फ्यूकोज पोचवणारा वाहकच बिघडला होता, त्यामुळे शरीरात फ्यूकोज कुठेच लागत नव्हता. अशा काही मुलांना तोंडाने भरपूर फ्यूकोज दिल्यावर फरकही पडला.

आता कोकणातल्या बॉम्बे माणसाकडे पाहा. त्याच्यात फक्त एचचा फ्यूकोज नाही, बाकीच्या जागी आहे. आणि तो अगदी धट्टाकट्टा आहे. शेतात राबतो, होडीवर जातो, ऐंशी वर्षं जगतो, आणि रक्त लागेपर्यंत त्याला काही कळत नाही. हे या विषयातलं खरं कोडं आहे. ज्या साखरेशिवाय माणूस मजेत जगू शकतो ती साखर जवळजवळ सगळ्या माणसांकडे का आहे?

उत्तराचे काही तुकडे हाती आहेत. रक्त गोठवण्यात भाग घेणाऱ्या फॉन विलेब्रांड या प्रथिनावरही ए-बी-एच साखरा असतात. ओ गटात हे प्रथिन इतरांपेक्षा कमी असतं, आणि बॉम्बे गटात ओपेक्षाही कमी, कारण साखर कमी तसं ते लवकर तुटतं. दुसरा तुकडा जंतूंचा. उलटी-जुलाबाची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसचे बरेच वाण आतड्यातला एच धरून आत शिरतात. फट-२ नसलेल्यांना ते सहसा बाधत नाहीत. जठरातला हेलिकोबॅक्टर अशाच फ्यूकोजयुक्त साखळीला चिकटतो.  पटकीच्या जिवाणूचं विष आतड्यावरच्या जीएम-१ या साखरयुक्त मेदाला धरतं, आणि ओ गटाच्या माणसांना पटकी जास्त जोराची होते. उलट फाल्सिपॅरम मलेरियात ओ गट फायद्याचा ठरतो. म्हणजे कोणतीही एक साखर सगळ्या रोगांवर उतारा नाही. एका जंतूला दार बंद केलं की दुसऱ्याला उघडतं. म्हणूनच एकाच गावात ए, बी, ओ सगळे टिकून राहिले असावेत, हे स्पष्टीकरण मला सगळ्यांत पटणारं वाटतं. कोकणात बॉम्बे गटाला अशा एखाद्या साथीने हात दिला की तो केवळ सोयरिकींच्या योगायोगाने साचला, हे ठरवायला पुरेशी मोजणी झालेली नाही. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण भारतीयांत सगळीकडे एकच बदल सापडतो.

जंतू आणि साखर यांचं सगळ्यात परिचित उदाहरण फ्लूचं. फ्लूचा विषाणू सियालिक आम्ल या साखरेला धरतो. माणसाच्या घशात ते एका कोनात जोडलेलं असतं, पक्ष्यांच्या आतड्यात दुसऱ्या. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली पहिली बर्ड फ्लूची साथ आली, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, हातांनी कोंबड्या उचलणारे शेकडो लोक होते, पण एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. त्यामागचं एक मोठं कारण हा जोडणीचा कोन. सियालिक आम्लाचा एक प्रकार माणसाने वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच गमावला, चिंपांझींकडे तो आहे. वेल्लोरला शिकून पुढे कॅलिफोर्नियात गेलेले अजित वर्की यांनी या एका हरवलेल्या साखरेवर आयुष्यभराचं काम उभं केलं.

औषधांत याचा फायदा कुठवर आला? यकृतातल्या पेशींवर असं एक प्रथिन असतं जे गॅलॅक्टोज आणि त्याची एन-ॲसिटिल बहीण यांना धरून आत ओढतं. औषधाच्या रेणूला या बहिणीचे तीन रेणू बांधले की औषध बरोबर यकृतात उतरतं. कोलेस्टेरॉल कमी करणारं, वर्षाला दोनच टोचण्या लागणारं इन्क्लिसिरन याच तत्त्वावर चालतं. दुसरी धडपड रक्त बदलण्याची. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हिरव्या कॉफीच्या बियांतल्या विकराने बी पेशीवरचा गॅलॅक्टोज छाटून तिची ओ करून दाखवली. २०१९ मध्ये कॅनडात आतड्यातल्या जिवाणूंची विकरं वापरून ए ची ओ केली. उद्या सगळं रक्त ओ करता आलं तरी बॉम्बे माणसाला त्याचा उपयोग शून्य, कारण छाटल्यावर उरतो तो एचच. त्याच्यासाठी फ्यूकोजही कापावा लागेल. एवढ्या थोड्या लोकांसाठी तो उद्योग कोण करणार?

महाराष्ट्रात या कामाची मुळं जुनी आहेत. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली सुरू झालेलं रक्तगट केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून चालतं, आणि भाटिया तिथे अनेक वर्षं प्रमुख होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लेक्टिनांवर काम झालं, मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या आयसरमध्ये साखर आणि प्रथिनांच्या संबंधांवर चालू आहे. पण शोध लागून सत्तर वर्षं झाली, तरी जिथे हे रक्त दाट आहे त्या तालुक्यांत गावागणिक मोजणी करावी, असं काम अंगावर घेणारं कोणी फारसं दिसत नाही. परिषदांना निधी मिळतो, टाइल आणि अँटी-एच घेऊन वाडीवाडीत जायला मिळत नाही, हे दुर्दैवच म्हणायचं.

तोवर व्यवहार चालतो तो माणसांच्या जोरावर. २०२४ च्या मे महिन्यात शिर्डीहून एक बॉम्बे गटाचा दाता रातोरात चारशे किलोमीटर गाडीने इंदूरला गेला आणि एका बाईचा जीव वाचला. वेळणेश्वरच्या माणसाला रक्त लागलं तर चिपळूण, डेरवण, किंवा तवसाळची फेरीबोट गाठून जयगडमार्गे रत्नागिरी. तिथल्या पेढीत हे रक्त तयार असण्याची शक्यता जवळजवळ नाही, म्हणून फोन मुंबईला. त्याआधी एक फोन घरातच करायचा असतो आणि तो बहुधा विसरला जातो: रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं निघायची शक्यता चारात एक असते. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर रुग्णाचंच रक्त काही आठवडे आधी काढून ठेवता येतं. ग्लिसरॉल घालून उणे पासष्ट अंशांखाली गोठवलेल्या लाल पेशी दहा वर्षं टिकतात, मात्र तशी सोय मोजक्या ठिकाणीच असते. आणि गरोदरपणाची नोंद करायला आलेल्या बाईचा गट ओ निघाला, तर त्याच टाइलवर तिसऱ्या जागी अँटी-एचचा एक थेंब टाकायला मिनिटभराहून जास्त वेळ लागत नाही.